ताइफच्या सरकारी हॉस्पिटलातली लिफ्ट

सौदीतल्या ताइफला लोक गुलाब बघायला जातात. आम्ही सरकारी हॉस्पिटल बघायला गेलो, तेही कोणी आजारी नसताना.

माझे मित्र सलीमभाई यांचे दापोलीचे हमीदचाचा तिथे आयुष्यभर वॉर्डबॉय होते. येत्या रविवारी ते कायमचे गावी निघणार होते. तेवढ्यात कळलं, की हॉस्पिटलच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलंय आणि एका फोटोत ते आहेत. त्या फोटोची प्रत त्यांना हवी होती. मी चिपळूणचा, पेशाने लिफ्ट मेकॅनिक. हॉस्पिटलशी माझा संबंध कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या दवाखान्यापुरता. तिथे दाढ दुखली तरी पांढरी गोळी, पाय मुरगळला तरी तीच. पण सलीमभाई म्हणाले, "गाडीत जागा आहे, चल."

आमचा कॅम्प रियाधच्या अल सुलै भागात. तिथून पहाटे निघालात तर दुपारी ताइफ. रस्ता इतका सरळ, की डुलकी लागायची भीती. पंप दिसला की टाकी भरून घ्या आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात ठेवा. वाटेत एका येमेनी खानावळीत तव्याएवढ्या गरम रोट्या आणि घोटलेल्या शेंगदाण्यांसारखी दिसणारी कडधान्याची उसळ खाल्ली. पंधरा रियालमध्ये दोघे तट्ट. ताइफला पोहोचल्यावर गाडीची काच खाली केली आणि कितीतरी महिन्यांनी एसीशिवाय गार वारा लागला. मुक्काम चाचांच्या खोलीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. प्रदर्शन नव्या काचेच्या इमारतीत होतं. आधी दोन खोल्यांचा दवाखाना, मग बैठे वॉर्ड, मग तीन मजली इमारत, मग ही काच. प्रत्येक फोटोत कोणीतरी फीत कापत होतं. रुग्ण एकाही फोटोत नव्हता. इतकं निरोगी हॉस्पिटल मी कुठे पाहिलं नाही.

चाचांचा फोटो तीन मजली इमारतीचा होता. एक साहेब लिफ्टचं बटण दाबतायत आणि कडेला चाचांचा अर्धा चेहरा. खालची अरबी ओळ चाचांनी वाचून दाखवली, "लिफ्टमुळे रुग्णसेवेचं नवं पर्व सुरू झालं."

"झालं का?" मी विचारलं.

"साहेबांनी बटण दाबलं, दार उघडलं, फोटो निघाला. दार मिटलं ते दोन महिने उघडलंच नाही. पेशंट आम्ही चौघांनी जिन्यानं वर नेले."

अशी उद्घाटनं मी रियाधमध्येही केली आहेत. बटण लागतं त्या दिवशी, मोटर लागते सावकाश.

टेबलापाशी एक तरुण सौदी बाई बसल्या होत्या. चाचांनी अरबीत प्रत मागितली. त्या अदबीने म्हणाल्या, "तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र लागेल."

"तो विभाग पाडला. प्रमुख वारले."

"मग ऑनलाइन अर्ज करा."

"किती दिवस?"

"पंधरा."

"माझं विमान रविवारी आहे."

बाईंनी एकदा चाचांकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि उठून फ्रेमच खाली घेतली. शिपाई धावत आला. "पुसायची आहे," त्या म्हणाल्या.

प्रत देता येणार नव्हती, पण मोबाइलवर फोटो काढा म्हणाल्या. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून त्यांनी मागची पट्टी उघडली. फोटोभोवतीचा पांढरा पुठ्ठा सुटला आणि त्याखाली दडलेला उरलेला फोटो दिसला. चाचांसोबत आणखी तीन माणसं, चौघांच्या हातात स्ट्रेचर, त्यावर गळ्यापर्यंत चादर ओढलेला माणूस. चौघांचं तोंड जिन्याकडे.

"केशवन, रफीक, गुलाम नबी," चाचा बोट ठेवत म्हणाले. बाईंनी तिन्ही नावं आणि चाचांचं कागदावर उतरवून घेतलं. मी चार फोटो काढले. फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली. पुठ्ठा टेबलाखालीच राहिला. फोटोखालची ओळ मात्र तीच, ती बदलायला समिती बसावी लागते.

परत येताना ना गुलाब पाहिले, ना तिथल्या घाटातली माकडं. अल सुलैला कॅम्पात आलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. प्रवासाचं काय राहिलं म्हणाल, तर सोमवारी दापोलीहून आलेला चाचांचा फोन.

"बायकोला फोटो दाखवला रे. साहेबाकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. विचारते, हा स्ट्रेचरवरचा माणूस जगला का?"

"मग? जगला?"

"जगला तर! तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्हालाच शिव्या देत होता."