मीटरच्या अलीकडची गळती

"उद्या दिवा लावला तर चालंल का, एवढंच सांगा," काकू म्हणाल्या.

मी नाही म्हणालो. काकूंचा चेहरा पडला.

लातूरच्या एका कॉलनीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी घटस्थापना. एकदा घट बसले की देवापुढचा नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नाही. सासूबाईंनी हातात दिलेलं हे व्रत काकूंनी एकदाही चुकवलं नव्हतं. आणि नेमका घरात गॅसचा वास. मी घरोघरी पाइपने गॅस देणाऱ्या कंपनीत टेक्निशियन. गळती सापडेपर्यंत त्या घरात काडीसुद्धा पेटवू देणार नव्हतो.

दारं-खिडक्या उघडायला लावल्या. विजेच्या बटणांना हात लावू नका म्हणालो. काकूंचे मालक, अण्णा, नोकरीतून रिटायर झालेले. त्यांना गळतीपेक्षा दोषी कोण याची घाई.

"तुमच्या प्लंबरनं गडबडीत काम उरकलं," ते म्हणाले. "मी तवाच म्हणलो होतो."

आमच्याकडे नियम साधा आहे. मीटरपर्यंतची लाइन कंपनीची, मीटरच्या पुढची ग्राहकाची. गळती कुठल्या बाजूला आहे ते बघायची रीतही साधी. शेगडीची सगळी बटणं बंद करायची आणि मीटरकडे बघत उभं राहायचं. आकडा सरकला तर गॅस पुढे कुठेतरी निसटतोय. नाही सरकला तर भानगड अलीकडे.

आम्ही तिघं मीटरसमोर उभे राहिलो. अण्णांनी दोनदा चष्मा पुसला. आकडा जागचा हलला नाही.

"म्हणजे तुमचीच!" अण्णांचा आनंद गगनात मावेना. वास तसाच होता, पण माणूस जिंकला होता.

मी खाली रस्त्यावर जाऊन साहेबांना फोन लावला.

"अलीकडे का पलीकडे?"

"अलीकडे, साहेब."

"मग आपल्याच गळ्यात. शोध, आणि फोटो पाठव."

आता साबणाचं पाणी आणि ब्रश. गळती असेल तिथे बुडबुडे येतात, यात जादू काही नाही. पाइप गॅलरीच्या एका टोकाकडून डोक्याइतक्या उंचीवर सरळ स्वयंपाकघराकडे जातो. मी जॉइंटमागून जॉइंट पुसत निघालो. कोपऱ्यातल्या एल्बोवर, म्हणजे पाइप जिथे वळतो त्या जोडावर, फेस फुगायला लागला. सापडली! मी लगेच गॅलरीतला व्हॉल्व्ह बंद केला.

पण जोड ढिला कशाने झाला? शेजारी पाइपला भिंतीशी धरून ठेवणारा क्लॅम्प खाली वाकला होता, स्क्रू अर्धा बाहेर. पाइप आपोआप वाकत नाही. क्लॅम्पच्या फटीत एक जाड लाल दोरा अडकला होता. मी तो काढून दाखवला.

अण्णांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे.

"गोधडीचा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "परवा दसरा काढला न्हाई का."

नवरात्राच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं झाडून सगळी धुवायची, ही आमच्याकडची रीत. ओली गोधडी उचलताना चांगला गडीसुद्धा वाकतो.

"किती टाकल्या होत्या?"

"आमच्या सगळ्या. मग खालच्या वहिनी म्हणल्या, तुमचा दांडा रिकामा झाला की आमच्या टाकते."

"दांडा?"

"हाव. मला वाटलं, गॅस मीटरमधून येतो. इकडचा हा दांडा कपड्यासाठी दिला असंल कंपनीनं. लई मजबूत दिसला."

"कंपनी तुला दांडे वाटायली का?" अण्णा कडाडले.

"अन् गोधडीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? ते बी सांगा की यांना."

अण्णा एकदम चष्मा शोधायला लागले. तो नाकावरच होता.

मी पुन्हा फोन केला. साहेबांनी गोधडीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाइप आपला, गोधडी त्यांची. नियमात गोधडीचं काही नाही रे. नीट दुरुस्त कर आणि टेस्ट घे."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या पायी देव अंधारात बसंल." मला फार वाईट वाटलं. एल्बो खोलला, आटे साफ केले, नवं सीलंट लावून आवळला, क्लॅम्प बदलला. मग पाइपमध्ये हवा भरून गेज लावला. काटा ढळला नाही. गॅस सोडून पुन्हा साबण लावला, एक बुडबुडा नाही.

"काकू, उद्या खुशाल दिवा लावा."

त्या रडता रडता हसल्या आणि चहा ठेवायला पळाल्या. तेवढ्यात मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नायलॉनची दोरी आणली आणि गॅलरीत या गजापासून त्या गजापर्यंत ताणून बांधली.

"हे कंपनीच्या कामात येतं का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. हे मीटरच्या पलीकडचं."

खंडेनवमीला त्यांनी मला आरतीला बोलावलं. देवापुढे दिवा तेवत होता. दोरीवर कपडे वाळत होते. मीटरला हळदकुंकू, आणि पाइपवर, बरोबर त्या एल्बोपाशी, झेंडूची माळ.

"हत्यारं पुजतेत न्हाई का आज," काकू म्हणाल्या. "ह्याच्यावरच तर चूल चालते."

पाइपवर काहीही टांगू नका, असं मी आजही प्रत्येक घरात सांगतो. त्या दिवशी मात्र मी माळेकडे बघितलं, ती किती हलकी आहे ते बघितलं, आणि गुपचूप प्रसाद खाल्ला.