हौसाआत्याचा वणवा

कोपरा फाडलेलं कार्ड मधल्या सुट्टीत शाळेच्या पत्त्यावर आलं. गावाकडची असली कार्डं वाचायच्या आधीच कळतात. हौसाआत्या गेली, एवढंच दोन ओळींत होतं. मी कार्ड पिशवीत ठेवलं आणि पुढचे दोन तास मुलांचे पाढे घेतले. रडू आलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. आई गेल्यावर आम्हा भावंडांना माणसांत आणलं ते ह्या बाईनं.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नेऱ्याला दिलेली, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. तोंडाची फटकळ. घोटावड्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे. चैत्रात तिथे राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवून देतात. मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी वारा एकाएकी फिरला आणि राबाची ठिणगी आमच्या गवती छपरावर आली. आई वासरू सोडायला गोठ्यात शिरली. वासरू बाहेर आलं, आई आली नाही. पाच वर्षांचा महादू, माझा भाऊ, तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला होता. तो तिथून पळाला आणि संध्याकाळी ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत सापडला. त्या दिवसापासून तो बोलेनासा झाला.

नवं घर कौलारू बांधलं. मी चूल पेटवायला बसले की महादू बाहेर. गार भाकरी अंगणात बसून खायचा. वर्षभर असंच चाललं... मग होळी आली. भीती मोडायची तर एकदा जवळ नेलंच पाहिजे, असं दादांनी ठरवलं आणि नैवेद्य दाखवायला त्याला खांद्यावर घेऊन पार धगीपर्यंत गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे पोहायलासुद्धा पोरांना विहिरीत ढकलूनच शिकवतात. महादू त्यांच्या कानाला कडकडून चावला आणि पळाला. दुसऱ्या दिवसापासून तो घरात पाऊल टाकेना, पेंढ्याच्या गंजीआड झोपायला लागला. पावसाळ्यात ह्या पोराला ठेवायचं कुठे, आणि त्याच्या आधी राब भाजायचा कसा? राब नाही तर भात नाही. दादांनी आत्याला निरोप धाडला.

आत्या आली, भाकरी खाल्ली, जुन्या गोधडीची लाल चिंधी मागून घेतली आणि डोक्याला बांधून अंगणात उभी राहिली. महादूपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आपण वणवा आहोत आणि आता हे अंगण जाळणार, असं तिनं जाहीर केलं. मग ती पाटी जाळायला निघाली, नांगर जाळायला निघाली, मधेच ठेचकाळली, स्वतःच्याच धुरानं खोकली. इतका गबाळा वणवा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. तीन दिवस महादू नुसता बघत होता. चौथ्या दिवशी त्यानं तांब्या उचलला आणि तिच्या अंगावर ओतला. आत्या चर्रर्र करत खाली बसली, नुसती वाफ उरल्यासारखी. महादू हसला. वर्षानं हसला. मी दारात परात घेऊन उभी होते, तिथेच बसले.

मग रोज तेच. वणवा दर वेळी हरायचा, आणि महादूनं हात वर केला की जागच्या जागी थांबायचा. वर्षश्राद्धही झालं नाही आणि घरची विधवा लाल चिंधी बांधून अंगणात नाचते, अशी वस्तीत कुजबुज सुरू झाली. दादांच्या कानावर गेली. ते तिला बोलायला आले, तेव्हा ती ओल्या लुगड्यानं तशीच उभी होती.

"धोंडू, तू पोराला इस्तवाकडं घेऊन गेलास," ती म्हणाली. "मी इस्तू पोराकडं आणतीय. त्यो म्हनंल तवा, त्यो म्हनंल तेवढाच."

दादा आले तसे परत फिरले.

आणलाही तसाच. आधी मातीच्या झाकणीत हरभऱ्याएवढा निखारा, तो महादूनं विझवायचा. मग वात. एकदा तिनं न विचारताच वात लावली, तर तो दिवसभर दिसला नाही. आल्यावर आत्यानं खरोखर कान धरून त्याची माफी मागितली. मोठ्या माणसानं लहान पोराची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. पुढे जेवणं झाली की चुलीतले निखारे विझवायचं काम त्याच्याकडे आलं, आणि त्यासाठी का होईना, तो घरात यायला लागला.

राबाच्या दिवशी तो पाण्याची घागर घेऊन बांधावर बसला. दादा हातात काडेपेटी घेऊन उभे. सहा वर्षांच्या पोराला विचारत होते, पेटवू का म्हणून. महादूनं चिमूटभर माती वर उडवून वारा पाहिला आणि म्हणाला, "पेटवा." आत्या पलीकडच्या बांधावर होती. ती पदर तोंडाला लावून रडली. मग आम्हाला म्हणाली, धूर लागला.

आत्याला सही येत नव्हती. मी ट्रेनिंगला बालमानसशास्त्र शिकले. परीक्षेत ह्यातलं काहीच विचारलं नाही.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तिला पुढचं मागचं कुणी नाही, म्हणून अग्नी महादूनं दिला. ओसरीवर तो माझ्याशेजारी बसला होता, आता वीस वर्षांचा बाप्या. चिता चांगली पेटल्यावर माणसं माघारी निघाली, ह्याला हाका मारल्या, पण हा जागचा हलला नाही, असं चुलते सांगत होते. धग सोसवेना म्हणून बाकीचे मागे सरले, तरी हा उभाच. मी त्याला विचारलं, का रे?

आईवरून त्याला कधी कुणी शब्दानंही बोललं नव्हतं. पाच वर्षांच्या पोराला काय बोलणार?

"ताई," तो म्हणाला, "ह्या बारीला मी पळालो न्हाई."

तेव्हा मला रडू आलं.