फ्लॉपीला कुंकू

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोके घेते, खापरावरच्या पुरणपोळ्या खाते आणि जाताना नवी साडी घेऊन जाते. त्या वर्षी मी वडिलांना सांगितलं, "आबा, माले साडी नको. तुमना जिनिंगमा तो कॉम्प्युटर पडेल शे ना, तो भेटस का दखा."

आबा भडगावला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, दिवाणजी होते. तिथे रंगीत पडद्याचं नवं मशीन आलं होतं आणि जुनं कापसाच्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं मी पाहिलं होतं. आई म्हणाली, बाकीच्या पोरी गल्लीत साड्या दाखवतील आणि ही डबडं दाखवेल. मी म्हटलं, दाखवेन. मी हट्टी आहे, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि सासरी कळायचं बाकी होतं.

डबडं का हवं होतं ते सांगते. धुळ्याला देवपुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. लग्नाआधी मी इंग्रजी-मराठी दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि लग्नानंतर जुनी टाइपरायटरं जमवून क्लास उभा केला होता. नव्वदीची मधली वर्षं ती. गावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, त्यांच्या काचेच्या दारांवर पाट्या लागल्या, आणि माझ्याकडच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. नवरा नोकरीला भुसावळला, शनिवारी यायचा. घर चालायचं ते माझ्या जेठांच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या शब्दावर. त्यांना पुढच्या खोलीत पाइप-फिटिंगचं दुकान टाकायचं होतं. आखाजीच्या आधीच त्यांनी मला सांगून टाकलं होतं, "जूनमध्ये पोरी आल्या तर ठीक. नाहीतर ती यंत्रं काढा आणि खोली मोकळी करा."

त्यांचं बोलणं मला लागलं, पण त्याहून जास्त एक गोष्ट लागायची. दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडायचे. जेठांचे पाने, सासऱ्यांच्या वेळचा करवत, नवऱ्याची पक्कड, अगदी विळी आणि खलबत्तासुद्धा. माझी टाइपरायटरं मात्र कापडाखाली झाकलेली राहायची. पहिल्या वर्षी मी एक उचलून आणायला निघाले तर जेठ म्हणाले, "राहू दे. विरंगुळ्याची काय पूजा करायची?" पुढे त्याच विरंगुळ्यावर मी मुलींना कोर्टात आणि शाळांच्या ऑफिसात नोकऱ्या मिळवून दिल्या. त्या वेळी मात्र मी कापड परत ओढून घेतलं. आता खोली सोडायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

जिनिंगच्या मालकाने मशीन देऊन टाकलं. देताना त्याच्या माणसाने आतले हिशेब कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून सगळं पुसून टाकलं आणि त्याबरोबर मशीन चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, डॉस, तीही गेली. म्हणजे घरी आलं ते नुसतं खोकं. चालू केलं की कुरकुरायचं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत सांगायचं की सिस्टिमची फ्लॉपी घाला. एसटीच्या टपावरून ते धुळ्याला कसं आलं, ते त्या कंडक्टरला आणि मलाच माहीत.

सोबत एक डबा होता. त्यात डॉसच्या दोन फ्लॉप्या, टायपिंगच्या सॉफ्टवेअरची एक, काही कोऱ्या, आणि वाळवीने कोपरे खाल्लेलं माहितीपुस्तक. त्या फ्लॉप्या मोठ्या, पापडाएवढ्या, काळ्या, लवचिक. मध्ये भोक आणि त्याच्याखाली लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. सगळी माहिती त्या चकतीवर. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की खिडकीतल्या भागाला बोट लावू नये.

मी आधी गावातल्या एका क्लासवाल्याकडे गेले. तो गृहस्थ हसला. "ताई, आता विंडोजचा जमाना आहे. डॉस कोण शिकतं? भंगारात घाला ते." मी म्हटलं, माझ्या मुलींना पत्र टाइप करायचं आहे, त्याला जमाना लागत नाही, तुमच्याकडे डॉस असेल तर द्या. त्याच्याकडे होतं, पण छोट्या, कडक फ्लॉपीवर. माझ्या मशीनला ती फ्लॉपी बसेना. घरी येताना पांझरेच्या पुलावर मला इतका राग आला होता की ऊनसुद्धा जाणवलं नाही.

मग पुस्तक मांडीवर घेऊन स्वतःच बसले. दुपारी वीज जायची, संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, म्हणून सकाळची वेळ धरली. पहिली फ्लॉपी घातली आणि मशीन जागं झालं. आनंदाने मी एकटीच टाळी वाजवली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हार्डडिस्कवर जागा आखली. बाकीचं सगळं दुसऱ्या फ्लॉपीत होतं. ती घातली. खरखर, खरखर, आणि पडद्यावर एक ओळ आली: अबॉर्ट, रिट्राय, फेल? म्हणजे सोडून देऊ, पुन्हा बघू, की हरलो म्हणू. मी पुन्हा बघूचं बटण दाबलं. परत तेच. परत दाबलं. किती वेळा दाबलं देव जाणे. शेवटी पहिली फ्लॉपी पुन्हा घालून पाहिली, तर आता तीही वाचेना.

तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली आणि पाहते तर खिडकीतल्या चकतीवर लालसर डाग. दुसरी पाहिली, तिच्यावर तर चांगलं टिकलीएवढं वाळलेलं बोट. पूर्ण डबा पालथा घातला. कोऱ्या फ्लॉप्या सोडल्या तर एकेका फ्लॉपीला, बरोबर खिडकीत, कुंकू.

कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून मी जिनिंगमध्ये फोन लावला.

"आबा, फ्लॉपीसले कुंकू कोन लावं?"

"मी लावं. लक्ष्मीपूजनले वहीले लावतस ना? आते वही नही, ते मशीन शे. मंग त्याले लावं."

"पन बरोब्बर तठेच कसं लावं?"

"बठ्ठं काळं व्हतं, पोरी. तेवढंच उघडं व्हतं." आणि मग, "काय व्हयनं?"

मी रागावायलाच फोन केला होता. शब्दही ठरवून ठेवले होते. पण डोळ्यांसमोर आबा आले, धोतराचा सोगा खोचून, ओल्या कुंकवाचं बोट एकेका फ्लॉपीला नेमकं त्या खिडकीत लावणारे, कुठेही न सांडता. मला हसू फुटलं. काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या बापाने ज्या वस्तूला हात जोडले, तिला माझ्या सासरी पाटावर जागा नव्हती, हे मात्र परतताना चांगलंच टोचलं.

आता दोन कामं होती. मशीनच्या ज्या तोंडात फ्लॉपी जाते त्याच्या आत वाचणारी एक बारीकशी घुंडी असते. तिला कुंकू लागलं होतं, म्हणून आधी चाललेली पहिली फ्लॉपीही वाचेनाशी झाली होती. दवाखान्यातून इंजेक्शनच्या वेळी लावतात ते स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळला आणि झाकण उघडून ती घुंडी पुसली. कापूस गुलाबी झाला. पुसत राहिले, पांढरा निघेपर्यंत.

दुसरं काम जिवावरचं होतं. चकती धुवायची. पुस्तकात असं काही नव्हतं. पण मी विचार केला, ही प्लॅस्टिकच आहे, वरचा थर खरवडला नाही तर माहिती कुठे जाते? आणि गेली तर तशीही ती वाचत नाहीच. नळाच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, ते आमच्या हंड्यांवर रोज दिसायचे. म्हणून आग्रा रोडवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं. आधी एका कोऱ्या फ्लॉपीला मुद्दाम कुंकू लावलं आणि तिच्यावर हात बसवून घेतला. मग डॉसच्या दुसऱ्या फ्लॉपीच्या वेष्टनाची कड ब्लेडने कापली, चकती अलगद बाहेर ओढली, स्टीलच्या ताटात ठेवली आणि वरून पाणी सोडलं.

जाऊबाई धुणं वाळत घालायला अंगणात आल्या आणि दारातच थबकल्या. "काय माय, कॉम्प्युटरले न्हाऊ घाली राहिनी का?"

"हां," मी म्हटलं, "आनि मंग तीट लावसू."

त्या हसल्या, पण गेल्या नाहीत. ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. कुंकू भिजलं, सुटलं, ताटातलं पाणी लाल झालं. घासायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. डाग गेला तरी मी आणखी पाणी बदललं. मग मलमलीच्या जुन्या ओढणीत चकती टिपली, सावलीत सुकवली, कोऱ्या फ्लॉपीच्या वेष्टनात सरकवली आणि कड चिकटपट्टीने बंद केली. पहिल्या फ्लॉपीचं आणि सॉफ्टवेअरच्या फ्लॉपीचंही तसंच केलं.

पहिली घातली. मशीन जागं झालं. दुसरी घातली. खरखर सुरू झाली आणि एका जागी येऊन अडली. पुन्हा तीच ओळ, अबॉर्ट, रिट्राय, फेल. मी दात-ओठ खाऊन पुन्हा बघूचं बटण दाबलं. अडली. दाबलं. जाऊबाई मागून म्हणाल्या, "जाऊ दे माय." मी दाबलं. आणि खरखर पुढे सरकली. एकेका फाइलीचं नाव पडद्यावर चढू लागलं. शेवटी फ्लॉपी बाहेर काढून मी मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. ते आपल्या आपण जागं झालं. डाव्या कोपऱ्यात इंग्रजी सी आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मी जाऊबाईंना मिठीच मारली. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही रडल्या.

संध्याकाळी जेठ आले, पडदा पाहिला आणि म्हणाले, "यात चित्र नाही का?" नाही म्हटलं. "मग कोण येईल?" दुसऱ्या दिवशी मी दारावर पाटी लावली: येथे टायपिंग कॉम्प्युटरवर शिकवले जाईल.

जूनमध्ये मुली आल्या. देवपुरातल्या कॉलेजांच्या, शिंदखेड्याकडून एसटीने येणाऱ्या, काचेच्या दाराला बिचकणाऱ्या. आधी टाइपरायटरवर बोटं बसवायची आणि मग पाळीपाळीने कॉम्प्युटरवर बसायचं, अशी रीत मी घालून दिली. पाळीवरून भांडणं व्हायला लागली तेव्हा मला समजलं की क्लास तरला. जेठांनी दुकान आग्रा रोडला टाकलं. खोली माझ्याकडेच राहिली.

दसरा आला. पाट मांडला, पाने, करवत, पक्कड ओळीने लागले. मी स्वयंपाकघरात होते. मनात म्हणत होते, या वर्षी कुणी नको म्हणालं तर ऐकायचं नाही, आणून ठेवायचंच. तेवढ्यात जेठांची हाक आली.

"तुनं काय शे ते लई ये."

हात पुसत पुढच्या खोलीत गेले. मशीन उचलण्यासारखं नव्हतं. मी चिकटपट्टी लावलेली ती दुसरी फ्लॉपी आणली आणि पान्यांच्या शेजारी ठेवली. जेठांनी सगळ्यांना कुंकू लावत आणलं. फ्लॉपीपाशी त्यांचं ओलं बोट थेट खिडकीकडे निघालं. माझा हात आधीच पुढे गेला होता. खिडकीवर, तिला न टेकवता, मी तळवा आडवा धरला.

जेठांचं बोट हवेत थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलं होतं.

"मंग कोठे लावू?" ते म्हणाले.

मी वरचा कोपरा दाखवला. त्यांनी तिथे लावलं.