येळवशीला पुण्याला गेलेल्या अक्का

मने, जवळ ये, बाई. काल फोनवर म्हणालीस, "धाकटी आजी, पुण्याला यायला कोणता महिना चांगला ते मी फोनात बघून ठेवलंय. डिसेंबरात या." अगं, ज्या घरात तुझी सख्खी आजी पंचांग अक्का म्हणून नांदली, त्या घराला तू फोनात बघून महिना सांगतेस? तेव्हा रागावले, पण सांगायचं पुरतं सांगून झालं नाही. म्हणून लिहूनच काढते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माकणीच्या धरणाच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणाला शहरात जायचं असलं की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. अक्का जात्या-येत्या एस्टीचं काही विचारायच्या नाहीत. रानात काय आलंय ते विचारायच्या. "सोलापूरला व्हय? मग नवा मूग निघू दे. रिकाम्या हातानं भैनीच्या दारात जाऊ न्हाय." हैदराबादला निघालेल्याला म्हणायच्या, "थंडीत जा. तिथं थंडी बेतानं, पाहुण्याला पांघरूण शोधावं लागत न्हाय." जाणाऱ्याच्या सोयीपेक्षा त्यांना घरवालीची सोय आधी दिसायची. आणि लोक खरंच त्या सांगतील तेव्हाच जायचे.

उन्हाळ्यात मात्र त्या कुणाला कुठं जाऊ द्यायच्या नाहीत. आमच्याकडं धरण उशाला आणि कोरड घशाला. वैशाखात दारात पाहुणा दिसला की आम्ही तोंडानं "या, या" म्हणायचो आणि डोळे रांजणाकडं जायचे. अक्का म्हणायच्या, "उन्हाळ्यातला पाहुणा म्हंजे दोन बादल्या जास्तीच्या. त्या कुणी वाहायच्या?"

आता तुझ्या आईचं सांगते. शोभा लग्न होऊन पुण्याला गेली, पुढं स्वतःचं घर घेतलं. दर सुट्टीत तिचा फोन, "आई, ये की आता." अक्कांचा पहिला सवाल ठरलेला, "पाणी कसं हाय तुमच्याकडं?"

"टँकर येतो की."

"मग नको बाई."

पावसाळ्यात पेरणी, सुगीला रास. वर्षं चालली. एकदा शोभा माहेरी आली तेव्हा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "काकू, आईला माझं घर बघायचंच नाही. सगळ्या गावाला मोसम काढून देते, माझ्यापुरताच हिला मोसम सापडंना." मी अक्कांना हे सांगितलं. त्यांनी नुसता पदर डोक्यावर सारखा केला.

त्या साली येळवस, म्हणजे रानात पूजा करून तिथंच जेवायची मार्गशीर्षातली अवस, जवळ आली आणि अक्का मला चुलीपाशी म्हणाल्या, "औंदा मी येळवशीला पुण्याला जाते. पाणी हाय, ढाळे हायेत, बोरं हायेत. शोभीला सांगू नको, तिला येऊन बघू दे दारात." मी म्हणाले, "अक्का, येळवशीला अख्खं शहर रानात येतंय, तुम्ही उलट्या कुठं निघाला?" तर म्हणे, "पुण्यात कुठली येळवस?" शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, हरभऱ्याचे ढाळे, सगळं बांधलं. ताक-ज्वारीची आंबील एका कॅनात भरली. आदल्या रात्री मी त्यांना गाडीत बसवून आले. वाटेत आंबील फुगली आणि कॅनाचं झाकण फट्कन उडालं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडीचीच येळवस केली की!" अक्कांनी त्यालाही पेलाभर पाजली म्हणे.

आणि सकाळी आमच्या दारात कोण? तुझी आई! तुझ्या बाबांची गाडी, मागं तू झोपेत. "काकू, आईला सांगितलंच नाही. म्हटलं, ती येत नाही तर आपण येळवशीला जावं." मला हसावं का रडावं कळेना. अक्कांनी सांगू नको म्हटलेलं, म्हणून 'आई कुठंय?' विचारलं तर 'येतील मागून' म्हणाले आणि तशीच त्यांना रानात घेऊन गेले. म्हटलं, फोन येईलच.

पूजा होऊन आम्ही रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं जेवायला बसलो, तेव्हा शोभाचा फोन वाजला. पुण्याच्या शेजारणीचा. आवाज अक्कांचा.

"शोभे, कुठं हायस?"

"आई, मी रानात. तुझ्याच कोपीत. तू कुठंय?"

"तुज्या दारात."

मी खो खो हसले. शोभा हसली नाही. तिच्या हातातला उंडा तसाच राहिला. "आई, तू आलीस?"

"आले की. कुलपाला हळदकुंकू लावलंय."

शोभा उठलीच. "थांब, आम्ही निघतो."

"गप! येळवशीचं रान टाकून निघतीस व्हय? आंबील पी, शिवारातनं फीर, मग ये. मी काय पळून चाललीय?" मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता. अक्कांनी जिन्यातच पंगत मांडली होती. वरचे, खालचे, वॉचमनसुद्धा.

ती रात्र अक्का शेजारणीकडंच झोपल्या, दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तुझ्या आईनं ते कुंकू पुसलं नाही, तशाच कुलपात किल्ली घातली. अक्का संक्रांतीपर्यंत राहिल्या. परत आल्या त्या तुझ्या घरातल्या खिडक्यासुद्धा मला मोजून दाखवत होत्या.

पुढची येळवस त्यांना मिळाली नाही, श्रावणातच गेल्या. अंथरुणावर होत्या तेव्हा एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "शोभी वैशाखात बोलवायची तवाच जायला पायजे हुतं गं. दोन बादल्यांचं काय एवढं? मी आंघोळ केली नसती."

म्हणून, मने, तुझा डिसेंबर राहू दे तुझ्यापाशी. मी वैशाखातच येणार आहे, आणि आंघोळही करणार आहे. पण त्याआधी तू ये. आईला घेऊन ये, लवकर ये, महिना बघत बसू नको. फक्त निघताना एक फोन कर, बाई. म्हणजे मी तिकडं निघालेली नसेन.