फरशीवर बघून घेतलेले स्केट्स

कलबुर्गीत मी घरापासून दुकानापर्यंत पायात स्केट्स घालून जातो. लोकांना हसू येतं. येऊ दे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा मी मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जात असे. त्याचं आवरलं की आपण निघायचं, वाटेत त्याचं काम निघालं की आपण उन्हात उभं राहायचं. वर सणासुदीला चारचौघांत, "मी सोडतो म्हणून याचा धंदा चाललाय," हेही ऐकायचं. एका गिऱ्हाइकाकडून जुने स्केट्स मिळाले, पडत-झडत शिकलो आणि तेव्हापासून कुणाच्या मागं बसलो नाही.

यंदा ते स्केट्स संपले. बेअरिंग ओरडायला लागल्या, डाव्या बुटाला चीर गेली. मी बाजारातल्या खेळाच्या दुकानात गेलो.

घासाघीस करताना माझी एक रीत आहे. भाव पटला नाही की उठायचं आणि उंबरा ओलांडायचा. दुकानदाराला बोलवायचं असेल तर तो भाव उतरवूनच हाक मारतो. पण आपणहून परत आत गेलो, तर मग तो म्हणेल तो भाव. त्या दिवशी सौदा माझ्या बाजूनं आला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "अण्णा, बाहर एक चक्कर मारके देखो."

मला वाटलं, हा मला उंबऱ्याबाहेर काढायलाय.

"मला शिकवू नका. इथंच बघतो."

दुकानात गुळगुळीत शहाबादी फरशी. त्यावर स्केट्स पाण्यावरून गेल्यासारखे फिरले. जुनी जोडी त्याच्याच गळ्यात मारून मी भाव आणखी तोडला.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कळलं. चाकं लहान आणि कडक, हॉलमध्ये खेळणाऱ्यांची. एकेक खडी दातांत वाजत होती. अर्ध्या वाटेत ते काढले, पिशवीतल्या चपला घातल्या आणि चालत गेलो. आठवडाभर हेच चाललं. संध्याकाळी पाय चोळत बसलो की बायको विचारायची,

"दादाला सांगू का? सकाळी जाता जाता सोडंल की."

"न्हाई."

"मग लंगडायलाव कामून?"

आणखी आठवडाभर असंच गेलं असतं, तर तिचा दादा, म्हणजे मेहुणाच, मोटारसायकल घेऊन दारात आला असता.

ते स्केट्स घेऊन मी खेळाच्या दुकानात गेलो आणि आवाज चढवला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मी भाईर बघा म्हणलो, तर तुम्हीच अंगावर आलाव."

म्हणाला होता, हे खरं. पण कसं म्हणाला? गिऱ्हाइकाला वाटेला लावताना म्हणतात तसं. माझी जुनी जोडी त्याच्या हातात होती, डांबरावर घासून झिजलेली चाकं त्याला दिसत नव्हती का? तो राग अजून गेलेला नाही.

त्या बुटांना मोठी चाकं बसत नव्हती. त्यानं दुसरी जोडी काढली, मोठ्या, मऊ चाकांची. भावाचं काही बोलणं झालं नव्हतं. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आठवडाभर चालण्यातच गेला होता. मी बकलं आवळली आणि उंबरा ओलांडला.

खडी, गतिरोधक, खोदून बुजवलेला चर, सगळं पायाखालून निघून गेलं. परत जायला कोपऱ्यावर वळायचं होतं. वळलो नाही. सरळ माझ्या दुकानापर्यंत गेलो आणि पायरीवर बसलो.

फोन वाजला. पावतीवरचा माझा नंबर बघून खेळाच्या दुकानदारानं लावला होता.

"अण्णा, चक्कर मारायला सांगितलं, पळून जायला न्हाई. आणायलाव का ठेवायलाव?"

"ठेवायलोय. ती कडक चाकांची जोडी तुमच्याकडंच राहू द्या."

"आणि भाव?"

"तुम्ही सांगाल तो."

मग तो हळूच म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"