राजाची अडीच घरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बातमीदार म्हणून दुसऱ्यांच्या लबाड्या जन्मभर छापल्या. माझी ही एक मात्र...

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता. मला बुद्धिबळ वकीलसाहेबांनी शिकवलं. त्यांच्या ओसरीवर माझी जागा ठरलेली. मग चामोर्शीच्या धानगिरणीवाल्याचा दौलत तिथं येऊ लागला. खेळताना गुणगुणणारा, समोरच्याला डिवचणारा. "काऊन भाऊ, घाम फुटून राह्यला का?" मी त्याच्याशी एकदाही जिंकलो नाही. तेही सोसलं असतं — कदाचित. पण एके दिवशी साहेबांनी पानाचा डबा माझ्यासमोरून उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला. एवढ्यानं माणूस जळतो? मी जळलो.

पुढे स्पर्धा भरली. जिंकणारा नागपूरला जाणार. पंच साहेबच. नियम विलायती, पुस्तक इंग्रजी. बाहेरगावच्यांना ते समजावण्याचं काम माझ्याकडे. आमच्या देशी खेळात राजाला शह बसलेला नसेल, तर तो एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी घेतो. विलायतीत ती चाल नाही. दौलतनं नेमकं तेच विचारलं, "भाऊ, राजाची उडी चालते ना इथी?"

"चालते," मी म्हणालो.

शेवटच्या डावात आम्हीच समोरासमोर आलो. माझा हत्ती गेला, डाव गेल्यातच जमा होता. त्यानं गुणगुणतच राजा उचलला आणि उडी घेतली. मी पंचांना बोलावलं. उडी रद्द — आणि हात लावलेला राजाच हलवणं भाग. जायला एकच घर होतं. राजा तिथं गेला तसा माझ्या घोड्यानं शह दिला, वजीरही त्याच घोड्याच्या माऱ्यात; पुढच्या चालीला तो पडला.

दौलत ताडकन उठला. "साहेब, यायनंच सांगतलं मले, चालते म्हणून!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असं बोललो नाही."

"हरला त हरला, दौलत," साहेब म्हणाले. "खोटं काऊन बोलतं?"

आमच्या साप्ताहिकाच्या त्या आठवड्याच्या अंकात मी छापलं — खेळाडूला नियम ठाऊक नव्हते, वर पंचांशी खोटं बोलला. साहेबांची ओसरी त्याला बंद झाली. चामोर्शीच्या बाजारात लोक विचारत, "काय दौलतभाऊ, राजा कुठी उडाला?" त्यानं खेळ सोडला. नागपूरला मी गेलो.

काही वर्षांनी साहेब वारले. त्यांचा समज शेवटपर्यंत तोच होता. दौलत आला होता, रस्त्याच्या कडेला उभा होता. खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नाही. मी पुढे खांदा देत होतो — मीही बोलावलं नाही.