मोहरीएवढी गोळी

ती घटना मला अजून लख्ख आठवते. त्या तपासात जिथं जिथं मी हुशारी दाखवली, तिथं तिथं तपास अडला, हेही आठवतं.

मध्यप्रांताचे दिवस. नागपुरात इतवारीजवळच्या ठाण्यात मी नवा सब-इन्स्पेक्टर होतो. मिशांना पीळ देऊन आरशात पाहिलं की गुन्हेगार आपल्याला पाहून कापत असतील असं वाटे. प्रत्यक्षात माझ्या मिशांना घाबरे ती फक्त माझी तान्ही मुलगी.

खबर दवाखान्यातून आली. गिरणीत काम करणाऱ्या एका तरुण विधवेचं बाळ अफूनं बेशुद्ध पडलं होतं. डॉक्टरांनी त्याला वाचवलं आणि रिवाजाप्रमाणे ठाण्याला कळवलं. मागोमाग बाईचा दीर येऊन बाकावर बसला. विष घालणाऱ्या आईकडं पोर ठेवू नका, आमच्या ताब्यात द्या, म्हणाला. बाई दोषी ठरली असती तर बाळ त्याच्याकडंच गेलं असतं.

त्या काळी अफू सरकारी ठेक्याच्या दुकानात उघड मिळे. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना तिची बारीक गोळी देत. मूल शेजारणीकडं झोपून राही, आई गिरणीत जाई. सगळ्यांना ठाऊक असे आणि कुणीच बोलत नसे.

मी जबानी घ्यायला बसलो. गोळी केवढी दिली, विचारलं. मोहरीएवढी, रोजच्याइतकीच, म्हणाली. दरारा बसावा म्हणून मी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि शाई माझ्याच विजारीवर सांडली. तिनं ती पाहिली, पण हसली नाही.

सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांनी मधला मार्ग काढला. हात चुकला म्हणून कबूल कर, थोडक्यात सुटशील. बाकावरचा दीर लगेच मान डोलावू लागला.

बाई म्हणाली, "चूक माह्या हातची नाही, तं कबूल काहून करू? आज कबूल केली का उद्या हा माह्यं लेकरू घेऊन जाईन."

मग मी डाव टाकला. काथ भिजवून तिच्यापुढं ठेवला आणि रोजच्या मापाच्या गोळ्या वळायला सांगितल्या. गोळ्या लहानमोठ्या निघाल्या की केस माझी. त्या घेऊन मी सराफाच्या काट्यावर गेलो. एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरी, कुठलीही गोळी टाका, काटा जागचा हलेना. सराफानं विचारलं, बाई दुकानात कामाला येईल का? मी गोळ्या उचलून परत आलो.

घरी जाऊन बायकोपुढं चडफडलो. माप बरोबर, तरी पोर बेशुद्ध, हे कसं? ती मुलीला थोपटत होती.

"ठेका बदलला ना गा," ती म्हणाली. तिला राग आला की 'अहो' जाई आणि 'गा' येई. "जुना ठेकेदार अफूत काथ कालवे. नवा निखालस देते. मी पहिल्या दिवशीच गोळी अर्धी केली."

"तू? आपल्या घरात?"

"मंग तुमची झोप कशी होते वाटलं?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाले कोण सांगन? तुम्ही पडले पोलीस."

झोप माझी उडाली ती अशी. जुन्या अफूचा तुकडा बायकोच्या डबीत अजून होता. तो आणि बाईकडचा नवा, दोन्ही तपासणीला पाठवले. जुन्यात अफूपेक्षा काथच जास्त निघाला. बाईचा जुना साठा नेमका त्याच सकाळी संपला होता. तिनं नव्या दुकानातून अफू आणली आणि कालच्याच मापाची गोळी दिली. तिचं माप जुन्या ठेकेदाराच्या लबाडीवर बसलेलं होतं. नवा माणूस सचोटीनं वागला आणि बाळ मरता मरता वाचलं. जुन्या ठेकेदाराला आबकारी खात्यानं धरलं.

तरी सर्कलसाहेब ऐकेनात. अफू तिनंच दिली ना? इतर बायांना जरब बसली पाहिजे. कोर्टात चालान पेश करा.

मी म्हटलं, "दोन करतो, साहेब. दुसऱ्यात माझी बायको. आणि आपल्या बंगल्यावर नातू आहे. चौकशी करून तिसऱ्याचं ठरवू."

साहेबांनी बदलीची धमकी दिली. मी म्हटलं, करा. पण साहेब आतल्या खोलीत गेले आणि चालान पेश झालं नाही.

दीर रिकाम्या हातानं गेला. बाई बाळ खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आभार मानील म्हणून मी मिशीवर हात फिरवला.

"उद्या कामावर जाईन," ती म्हणाली. "आता केवढी देऊ, ते सांगा."

देऊच नको, मी म्हणालो.

"मंग तुमच्या घरी ठेवू?"

टोमणाच होता. पण मी घरी तो जसाच्या तसा सांगितला आणि बायको म्हणाली, ठेवू द्या. तिनं आपली डबीही उकिरड्यावर फेकली.

या केसनं मला शांत घराकडं संशयानं पाहायला शिकवलं. पुढं सबंध नोकरीत, जिथं पाळणा असून आवाज नाही तिथं मी दार वाजवलं. आमच्या क्वार्टरात मात्र त्या दिवसापासून दोन मुलं जिवाच्या आकांतानं रडू लागली. साहेबांचा बंगला भिंतीला लागूनच होता. हा काय गोंधळ, म्हणून त्यांनी शिपायाबरोबर निरोप धाडला. मी उलट निरोप दिला: मुलं जागी आहेत, साहेब.